सिएटल मरिनर्स: २०२५चा हंगाम, टोरांटोतला सातवा सामना आणि २०२६ची जुळवाजुळव

बेलव्ह्यूकर | १९ नोव्हेंबर २०२५

एमव्हीपीचा (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू) निकाल लागला, पहिल्या बेसवरच्या जॉश नेलरचा करारही झाला. आता आपल्या बेसबॉल संघाच्या या हंगामाबद्दल जरा निवांत बोलता येईल, म्हणून हा धागा. बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेल भागातली बरीच मराठी मंडळी ऑक्टोबरात पहिल्यांदाच बेसबॉलकडे वळली, त्यांच्यासाठी लागेल तिथे उलगडून लिहितो.

आधी निकाल. ९० विजय, ७२ पराभव. २००१ नंतर पहिल्यांदा अमेरिकन लीग वेस्टचं, म्हणजे आपल्या गटाचं, विजेतेपद. सप्टेंबरात १८ पैकी १७ सामने जिंकले, त्यातच ह्यूस्टनला जाऊन अ‍ॅस्ट्रोजला तिन्ही सामन्यांत हरवलं. गटाचा फैसला खरा तिथेच झाला. मग प्लेऑफमध्ये (बाद फेरी) डेट्रॉइटविरुद्ध पाचवा सामना नेहमीच्या ९ ऐवजी १५ इनिंगपर्यंत गेला आणि होर्हे पोलांकोच्या फटक्यावर ३-२ असा जिंकला. पुढे टोरांटोविरुद्ध सातव्या सामन्यात ३-१ अशी आघाडी असताना ४-३ने हरलो. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, कधीच न खेळलेला ३० संघांतला एकुलता एक संघ म्हणजे १९७७ला सुरू झालेला आपलाच, आणि अजूनही आपलाच.

आता माझं म्हणणं. मरिनर्स म्हणजे स्टार्टिंग पिचिंग (सामन्याची सुरुवात करणारे पिचर, म्हणजे स्टार्टर), हे समीकरण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. २०२४ला ते खरं होतं. त्या वर्षी पाचही स्टार्टर जवळजवळ वर्षभर उभे राहिले, बॅटिंगनं मात्र दगा दिला आणि ८५ विजयांवर एका सामन्याने प्लेऑफ हुकला. २०२५ला नेमकं उलटं झालं. जॉर्ज कर्बी खांद्याच्या दुखण्यामुळे मेच्या उत्तरार्धात आला, लोगन गिल्बर्टचा फ्लेक्सर स्नायू दुखावला, ब्राइस मिलरच्या कोपराने त्याचा बराचसा हंगाम खाल्ला. वर्षभर खंबीर उभा राहिला तो ब्रायन वू: १५ विजय, २.९४ ईआरए (दर ९ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी), पहिल्या २५ सामन्यांत प्रत्येक वेळी किमान ६ इनिंग. आणि प्लेऑफच्या तोंडावर त्याच्याही छातीचा स्नायू दुखावला.

स्टार्टर पाच इनिंगनंतर बाहेर पडला की उरलेल्या १२ आउटचा भार बुलपेनवर, म्हणजे मागाहून येणाऱ्या पिचरांवर (रिलीव्हर) येतो. आपल्याकडे विश्वासाचे हात चारच: आंद्रेस मुन्योझ, मॅट ब्रॅश, गेब स्पायर आणि एदुआर्द बझार्डो. एप्रिलपासून साचलेला हा भार ऑक्टोबरात दिसला. त्यामुळे २०२६साठी माझ्या यादीत पहिली गरज मोठ्या बॅटरची नाही. सातव्या-आठव्या इनिंगला उतरवता येईल असा आणखी एक पक्का रिलीव्हर, शक्यतो डावखुरा, हवा.

गोदाकाठ | १९ नोव्हेंबर २०२५

उत्तम मांडणी. नाशिकहून बघणाऱ्यांसाठी वेळांची भर घालतो. सिएटलचा संध्याकाळी ७:१०चा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७:४०ला सुरू होतो. संघ पूर्व किनाऱ्यावर गेला की पहाटे ४ ते ४:४०. सिएटलमधल्या दुपारी १:१०च्या सामन्याला मात्र रात्री १:४०पर्यंत जागावं लागतं.

प्रश्न असा: सातव्या सामन्यात सातव्या इनिंगला मुन्योझला का आणलं नाही? संघातला सर्वांत चांगला रिलीव्हर त्या क्षणी बसून राहिला आणि संघ हरला, हे काही केल्या पटत नाही.

तिसरा_बेस | २० नोव्हेंबर २०२५

तो क्षण नीट मांडू, मग ठरवू.

कर्बीने ४ इनिंगमध्ये १ धाव दिली. पाचव्या आणि सहाव्या इनिंगला वूने टोरांटोला कोरडं ठेवलं. सातवीच्या सुरुवातीला वूने अ‍ॅडिसन बार्जरला वॉक दिला (चार चेंडू बाहेर, पहिला बेस फुकट), आयझाया काइनर-फलेफाने सिंगल (एका बेसचा फटका) मारला, आंद्रेस हिमेनेझने बंट करून (चेंडूला बॅट नुसती टेकवून) दोघांना एकेक बेस पुढे सरकवलं. म्हणजे एक आउट, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं, पहिला बेस मोकळा, समोर जॉर्ज स्प्रिंगर. आपला मॅनेजर डॅन विल्सनपुढे चार वाटा होत्या.

वूलाच ठेवणं. पण तो दुखापतीतून नुकताच उठलेला, तिसऱ्या इनिंगमध्ये शिरलेला, आणि चेंडू झोनच्या (स्ट्राइक धरतात ती चौकट) बाहेर जायला लागले होते.

स्प्रिंगरला मुद्दाम वॉक देणं. मग बेस भरलेले, आउट एकच, आणि थोड्याच अंतरावर व्लादिमीर गरेरो ज्युनियर. त्या मालिकेत त्याला आउट करणं कुणालाच जमत नव्हतं.

स्पायरला आणणं. तो डावखुरा, स्प्रिंगर उजवा. शिवाय २०२०च्या नियमाप्रमाणे इनिंग संपत नाही तोवर रिलीव्हरला किमान ३ बॅटरना सामोरं जावंच लागतं, म्हणजे पुढे गरेरोही त्याच्याच वाट्याला आला असता.

राहिले बझार्डो आणि मुन्योझ. विल्सनने बझार्डोला निवडलं कारण त्याचा सिंकर (खाली बुडणारा वेगवान चेंडू) बॅटवर येतो तेव्हा चेंडू जमिनीवर जातो, आणि ग्राउंड बॉल मिळाला तर डबल प्लेची (एकाच चेंडूवर दोन आउट) किंवा घरी थ्रो करायची सोय असते. पण दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं असताना पहिल्या बेसवर कोणी नव्हतं! सोपा डबल प्ले तिथे नव्हताच. त्या क्षणी ग्राउंड बॉलपेक्षा स्ट्राइकआउटची (तीन स्ट्राइकवर आउट) किंमत जास्त होती, आणि स्ट्राइकआउटसाठी या संघात मुन्योझच्या स्लायडरइतकं (बाजूला वळणारा चेंडू) चांगलं हत्यार दुसरं नाही. सिंकर स्प्रिंगरच्या पट्ट्यात आला आणि डाव्या बाजूच्या स्टँडमध्ये गेला. तीन धावा.

निर्णय चुकला असं माझं स्पष्ट मत आहे. आठवी-नववी कोण टाकणार हा प्रश्न नंतरचा होता. सातव्या सामन्यात सगळ्यात अवघड तीन आउट ज्या इनिंगला येतील तिथे सर्वोत्तम माणूस घालायचा, मग ती कितवी का असेना.

बेलव्ह्यूकर | २० नोव्हेंबर २०२५

मुन्योझ तिथे यायला हवा होता, हे मान्यच. पण एवढंच धरून बसलं तर सहावा सामना विसरला जातो. तिसऱ्या इनिंगला बेस भरलेले असताना आपला कॅचर कॅल रॅलीचा डबल प्ले, चौथ्या इनिंगला बेस भरलेले असताना क्रॉफर्डचा डबल प्ले, पाचव्या इनिंगला हुलिओ रॉड्रिगेझचा डबल प्ले. टोरांटोचा पिचर ट्रे येसावेजचा स्प्लिटर शेवटच्या पाच-सहा फुटांत बुडतो, बॅट चेंडूच्या वरच्या अंगाला लागते आणि चेंडू जमिनीवर आपटतो. त्यावर उपाय एकच, गुडघ्याखाली जाणाऱ्या चेंडूला हात न लावणं. आपल्या बॅटरांनी पहिल्याच योग्य दिसणाऱ्या चेंडूवर बॅट फिरवली. शिवाय त्या सामन्यात क्षेत्ररक्षणात तीन चुका. घरच्या मैदानावर तिसरा आणि चौथा सामना १३-४ आणि ८-२ असा घालवला, तो हिशेब वेगळाच.

डगआउट_सिएटल | २० नोव्हेंबर २०२५

घरच्या मैदानाचा विषय निघालाच आहे तर टी-मोबाइल पार्कबद्दल एक गैरसमज दूर करतो. समुद्राकाठची दमट हवा चेंडूला अडवते असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. अडवते ती थंडी. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की खोलवर मारलेला फटका साधारण ३ ते ४ फूट आखूड पडतो. एप्रिल-मेमधल्या सिएटलच्या रात्री गार असतात. छप्पर सरकतं खरं, पण ते छत्रीसारखं. बाजू उघड्याच राहतात, त्यामुळे आत ऊब धरत नाही.

मैदान काही अवाढव्य नाही: डावीकडे ३३१ फूट, मध्यभागी ४०१, उजवीकडे ३२६. तरी स्टॅटकास्टच्या पार्क फॅक्टरच्या (कुठल्या मैदानावर धावा किती सोप्या) तक्त्यात ते गेली काही वर्षं तळाशी आहे, कारण तिथे स्ट्राइकआउटही जास्त होतात. मध्यभागच्या पार्श्वभूमीवर चेंडू नीट दिसत नाही अशी बॅटरांची तक्रार जुनी आहे.

म्हणून मरिनर्सच्या खेळाडूंचे आकडे बघताना एक सवय लावून घ्या. एकूण बेरजेवर न थांबता घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढा. बॅटर असेल तर बाहेरचे आकडे त्याची खरी ताकद सांगतात. पिचर असेल तर बाहेरचे आकडे त्याचं खरं दुखणं. २०२५ला घरी ५१-३०, बाहेर ३९-४२. आपल्या स्टार्टरांना बाहेर चोप बसला, आणि हे २०२६ला सुधारल्याशिवाय ९५ विजयांच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

याच कारणाने फ्री एजंट (करारमुक्त) बॅटर सिएटलला यायला कचरतात. इथे जुलैच्या अखेरीपासून खेळून पुन्हा इथेच सही करणारा नेलर त्यामुळेच महत्त्वाचा. ५ वर्षं, ९ कोटी २५ लाख डॉलर. माझ्या मते रास्त भाव.

कोकणी_शॉर्टस्टॉप | २१ नोव्हेंबर २०२५

नेलर धावण्याच्या वेगात लीगमधल्या अगदी संथ खेळाडूंपैकी आहे. तरी हंगामात ३० बेस चोरले (फटक्याविना धावत पुढचा बेस गाठला) आणि फक्त दोनदा पकडला गेला. सिएटलकडून १९ पैकी १९! हे कसं काय जमतं?

तिसरा_बेस | २१ नोव्हेंबर २०२५

पाय संथ असले तरी डोळे तेज आहेत. २०२३पासून पिचरला एका बॅटरमागे दोनदाच पिचिंग थांबवून रनरकडे वळता येतं. तिसऱ्यांदा वळला आणि रनर आउट झाला नाही तर बॉक, म्हणजे बेस फुकट. दोन वळणं संपली की नेलर लीड (बेसपासूनचं अंतर) वाढवतो. दुसरं, पिचर ठरावीक लयीत टाकत असेल तर पाय उचलायच्या आधीच तो निघतो. तिसरं, तो निवडून चोरतो: हळू हालचालीचा पिचर, ब्रेकिंग बॉल (हळू, वळणारा चेंडू) येण्याची शक्यता, आणि पहिल्या बेसवर त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही अशी वेळ.

पुढच्या वर्षी सगळे सावध असतील. १९ पैकी १९ पुन्हा होणार नाही, पण १२-१५ चोऱ्या सहज व्हाव्यात. करार झालाय तो मात्र बॅटसाठी. तो स्ट्राइकआउट कमी होतो, आणि रॅली-हुलिओ-अरोझरेनाच्या रांगेत असा एकजण लागतोच.

गोदाकाठ | २२ नोव्हेंबर २०२५

कॅल रॅलीवर अजून कोणी सविस्तर लिहिलं नाही. ६० होमर (थेट कुंपणापलीकडचे फटके) मारणारा कॅचर पुन्हा कधी दिसेल? एमव्हीपी यँकीजच्या एरन जजला गेलं याचं अजून वाईट वाटतं.

डगआउट_सिएटल | २२ नोव्हेंबर २०२५

पहिल्या पसंतीची मतं १७ विरुद्ध १३, इतकी जवळची लढत. जजची सरासरी .३३१ होती, त्यामुळे मतदारांना दोष देणार नाही. पण मी मत रॅलीलाच दिलं असतं. कॅचरचा विक्रम साल्वादोर पेरेझच्या नावावर ४८चा होता, स्विच हिटरचा (डावीकडून-उजवीकडून दोन्ही खेळणारा) मिकी मँटलच्या नावावर ५४चा, मरिनर्सचा केन ग्रिफी ज्युनियरच्या नावावर ५६चा. तिन्ही एकाच हंगामात मोडले, आणि साठावा आला तो २४ सप्टेंबरला, ज्या रात्री गट जिंकला त्याच रात्री. डावीकडून ३८, उजवीकडून २२. दोन्ही बाजूंनी एकच तत्त्व: चेंडू शरीरापुढे गाठायचा आणि हवेत, ओढून मारायचा. टी-मोबाइलमध्ये मध्यभागी मारलेला ३९० फुटांचा फटका झेल होतो, तोच कोपऱ्याकडे मारला की होमर.

काळजी आहे ती भाराची. १५९ सामने खेळला. कॅचिंग नसेल तेव्हा डीएच (फक्त बॅटिंग करणारा), म्हणजे गुडघ्यांना विश्रांती पण डोक्याला नाही. २०२६ला त्याने १०५-११० सामन्यांतच कॅचिंग करावं आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी. ५५ होमरच्या जागी ४० आले तरी चालतील, ऑक्टोबरात गुडघे शाबूत हवेत.

बेलव्ह्यूकर | २३ नोव्हेंबर २०२५

+१. त्यातच २०२६पासून बॉल-स्ट्राइकवर यंत्राकडे दाद मागायची पद्धत येतेय, तिचा सगळ्यात जास्त संबंध कॅचरशीच. नियम थोडक्यात असे. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन संधी. दाद खरी ठरली तर संधी शिल्लक राहते, खोटी ठरली तर जाते. दाद बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनीच मागायची, तीही लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात ठेवून. डगआउटमधून खूण चालत नाही. यंत्राचा झोन प्लेटच्या मध्यावर मोजतात: वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्के, खालची २७ टक्के. ६ फुटी बॅटर असेल तर जमिनीपासून साधारण १९.४ इंच ते ३८.५ इंच.

रॅली खालच्या कडेचे चेंडू मिटमधून अलगद वर आणून स्ट्राइक मिळवण्यात पटाईत आहे. आता तसे काही स्ट्राइक बॅटर परत मागून घेतील. पण दाद कधी मागायची ही अक्कलही कॅचरकडेच असते. २०२५च्या स्प्रिंग ट्रेनिंगमधल्या चाचणीत कॅचरांच्या दादी पिचरांपेक्षा जास्त वेळा खऱ्या ठरल्या. पिचरला आपला प्रत्येक चेंडू स्ट्राइकच वाटतो. आपल्या संघाने सरळ नियम करावा: पिचरने दाद मागायची नाही, सगळं रॅलीवर सोडायचं. आणि पहिल्या तीन इनिंगमध्ये, बेस मोकळे असताना, संधी खर्चायची नाही.

रेंटनकर | २४ नोव्हेंबर २०२५

रोटेशनवर (स्टार्टरांच्या पाळीवर) थोडं. लुईस कॅस्टिओला विकून बॅटर आणावा अशी कुजबुज दरवर्षी असते. मला ते धोक्याचं वाटतं. वयामुळे त्याचा वेग उतरतोय हे दिसतं, पण २०२५ला न चुकता मैदानात उतरलेला तोच एक. गिल्बर्ट आणि मिलर दोघांचंही कोपर प्रश्नचिन्हाखाली असताना १८० इनिंग देणारा माणूस सोडणं परवडणार नाही. कराराचं गणितही बघा. क्रॉफर्ड आणि अरोझरेना २०२६नंतर मोकळे होतील, गिल्बर्ट २०२७नंतर. म्हणजे हा संच पूर्णपणे एकत्र असण्याचे हंगाम जेमतेम एक-दोन. आत्ता जिंकायचं असेल तर चालू घडीचा पिचर देऊन भविष्य घेणं उलटं होईल. भविष्य देऊन चालू घडीचा पिचर घ्यायला हवा.

देण्यासारखं आपल्याकडे आहेच. कॅचर हॅरी फोर्ड टॅकोमात (आपला सगळ्यात वरचा शिकाऊ संघ) तयार होऊन बसलाय, आणि पुढ्यात २०३०पर्यंत करारबद्ध रॅली. त्याला हिऱ्यासारखा जपून काय उपयोग?

तिसरा_बेस | ८ डिसेंबर २०२५

रेंटनकर, तुमचं म्हणणं अगदी तसंच घडलं. फोर्डला वॉशिंग्टन नॅशनल्सकडे पाठवून होसे फेरर घेतला. डावखुरा रिलीव्हर, सिंकर ९७-९८ मैलांचा, आणि बॅटला लागलेल्या चेंडूंपैकी बहुतांश जमिनीवर. ईआरए ४.४८ बघून नाक मुरडू नका. ग्राउंड बॉलवाल्या पिचरचा ईआरए त्याच्यामागच्या इनफिल्डवर फार अवलंबून असतो, आणि नॅशनल्सचं क्षेत्ररक्षण कमजोर होतं. तो वॉकही कमी देतो.

बेलव्ह्यूकर | ८ डिसेंबर २०२५

मला हा सौदा मनापासून आवडला. किंमत जबर आहे, पहिल्या फेरीत निवडलेला कॅचर रिलीव्हरसाठी सहसा देत नाहीत. पण फेरर २०२९पर्यंत संघाच्या ताब्यात आहे, आणि आता स्पायर हा एकटाच डावखुरा राहत नाही. फेरर सातवी, ब्रॅश आठवी, मुन्योझ नववी अशी चाकोरी नको. डावखुरे बॅटर जिथे येतील तिथे फेरर-स्पायरपैकी एक, आणि सामना जिथे अडेल तिथे मुन्योझ. बझार्डोला आठवड्यात तीनदाच वापरता येईल, हा सर्वांत मोठा फायदा.

वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये रॅली अमेरिकेकडून मार्चमध्ये खेळणार, त्यामुळे एप्रिलमध्ये दुसऱ्या कॅचरला नेहमीपेक्षा जास्त सामने लागतील. फोर्ड गेल्यावर ती जागा रिकामी आहे. तिथे बॅटिंग नको, पिचरांना सांभाळणारा अनुभवी माणूस हवा.

कोकणी_शॉर्टस्टॉप | १६ डिसेंबर २०२५

पोलांको मेट्सकडे गेला. २ वर्षं, ४ कोटी डॉलर. २६ होमर आणि डेट्रॉइटविरुद्धचा तो फटका, दोन्ही गेलं. तिसऱ्या बेसवरचा युहेनिओ सुआरेझही अजून बाजारात. दुसरा आणि तिसरा बेस आता कोणाकडे?

डगआउट_सिएटल | १६ डिसेंबर २०२५

पोलांकोचे गुडघे आणि ३२ वर्षांचं वय बघता दरसाल २ कोटी न देणं समजण्यासारखं आहे, पण त्याची जागा भरणं सोपं नाही. सुआरेझने आपल्याकडे आल्यावर १३ होमर मारले खरे, सरासरी मात्र .१८९. टोरांटोविरुद्ध पाचव्या सामन्यातला त्याचा ग्रँड स्लॅम (बेस भरलेले असताना होमर) कायम लक्षात राहील, तरी स्ट्राइकआउटचा बोजा पाहता मी त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजणार नाही.

घरातले पर्याय असे. दुसऱ्या बेसवर कोल यंग: झोन ओळखतो, स्ट्राइकआउट फार होत नाही, पण पहिल्या हंगामात वेगवान फोर-सीमवर (सरळ येणारा चेंडू) उशीर होत होता, शेवटी सरासरी .२११. हिवाळ्यात ताकद वाढवणं आणि स्विंगची सुरुवात लवकर करणं, या दोनच गोष्टी त्याला हव्यात. तिसऱ्या बेसवर बेन विल्यमसन: हात अप्रतिम, बॅटमध्ये जोर नाही, हंगामात १ होमर. फेररसारखा ग्राउंड बॉलवाला पिचर आणल्यावर तिसऱ्या बेसवरच्या चांगल्या हातांची किंमत वाढते, हे विसरू नका.

दोघांनाही एकाच वेळी रोज खेळवलं तर आठव्या-नवव्या क्रमांकावर धावा आटतील. म्हणून एक बॅटर बाहेरून आणावा, शक्यतो दुसरा-तिसरा दोन्ही बेस सांभाळणारा आणि चेंडूला बॅट लावणारा.

रेंटनकर | १७ डिसेंबर २०२५

आणि कोल्ट एमर्सन? २०२३च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) बाविसावा निवडलेला, वय २०, टॅकोमापर्यंत पोचलाय. मूळचा शॉर्टस्टॉप, पण तिथे क्रॉफर्ड आहे तोवर तिसऱ्या बेसवर बसवता येईल. एप्रिलमध्येच आणू नये असं मला वाटतं. ट्रिपल-एमध्ये (टॅकोमाच्या पातळीवर) त्याने दोनशेक वेळा तरी बॅटिंग करावी आणि रोज तिसऱ्या बेसवर उभं राहावं, म्हणजे बंटवर पुढे धावून येण्याची आणि लांब थ्रोची सवय होईल. जूनपर्यंत विल्यमसनची बॅट जागी झाली नाही तर एमर्सनला वर आणायचं. तोवर बाहेरून आणलेला माणूस दोन्ही बेसवर आलटून-पालटून खेळेल.